शेतावर सोडायची भाषा पुन्हा नको

कुत्रं शेतावर सोडतो म्हणालास. कुणाच्या शेतावर? तुझं तर नाही. फोनवर उलट मलाच विचारत होतास, "बाई, तुमच्या ओळखीत कुणी शेतकरी असेल तर बघा ना, मोकळ्यावर राहील बिचारा." तुला मी आठवीपासून ओळखते. गृहपाठ झालेला नसला की वही घरी राहिली म्हणायचास, तोच सूर काल पुन्हा ऐकला. म्हणून फोनवर काही बोलले नाही. आता लिहून पाठवते आहे, आणि हे तू एकट्याने वाचायचं नाही. घरातल्या सगळ्यांना समोर बसवायचं आणि मोठ्याने वाचायचं.

शेतावर काय होतं ते आधी ऐक. दहा महिन्यांचं लॅब्रेडॉर, आपल्या शहराच्या सातारा परिसरातल्या फ्लॅटमध्ये फरशीवर वाढलेलं. ते तू कन्नडकडे नाहीतर पैठणकडे कुणाच्या तरी मळ्यात नेऊन देणार. तो माणूस राखणीसाठी कुत्रं घेणार, म्हणजे गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधणार. रात्री उघड्यावर बांधलेल्या कुत्र्याला बिबट्या कसा उचलतो, ते गौताळ्याच्या जंगलाकडेच्या कुठल्याही वस्तीवर जाऊन विचार. सुटं ठेवलं तर गावची कुत्री त्याला जवळ करणार नाहीत. हे झालं त्याचं. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या लेकरांचं काय? "हा चावतो" हे तू त्याला सांगणार होतास का? सांगितलंस तर तो घेणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे तू लपवणार होतास. आपल्या पोराला ज्याची भीती वाटते ते दुसऱ्याच्या पोरांच्या अंगणात नेऊन बांधायचं आणि त्याला बिचारा म्हणायचं! आणि कुणी नाहीच घेतलं तर एखाद्या रात्री दौलताबादच्या रस्त्याला गाडीचं दार उघडायचं, हेही तुझ्या मनात येऊन गेलं असेल. पाळलेल्या प्राण्याला असं टाकून येणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. दंड किरकोळ आहे, गुन्हा किरकोळ नाही.

कुत्र्याकडे वळण्याआधी तुझ्या आईचं बोलू. मनगटात दात रुतले, रक्त आलं, आणि तुम्ही लावलंत काय? हळद. शिकलेला मुलगा, शिकलेली सून, आणि उघड्या जखमेवर हळद. कुत्रं चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली धरायची आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ समोर ठेवून. हळद नाही, चुना नाही, मिरचीची पूड नाही, वर घट्ट पट्टीही नाही. आपल्या शहरात नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे मला कुणी सांगायला नको. टाकीतलं, ड्रममधलं, पिण्याच्या जारमधलं, जे असेल ते तांब्याने ओतायचं. मग त्याच दिवशी दवाखाना. तू आईला घाटी रुग्णालयात नेलंस ते दुसऱ्या दिवशी, तेही शेजाऱ्यांनी भीती घातल्यावर. का, तर "आपल्या कुत्र्याला लस दिलीय." कुत्र्याला लस दिली म्हणून माणसाने घरी बसायचं नसतं. जखम किती खोल आहे, लस पुरेल की सोबत इम्युनोग्लोब्युलिन लागेल, हे डॉक्टर ठरवतात, तुझा व्हॉट्सॲप ग्रुप नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की खात्रीचा इलाज जगात कुठेही नाही. 1885 साली पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचवली, तो सगळा इतिहास मी तुमच्या वर्गाला सांगितला होता. आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्यांच्या चाव्यातून येतो, हेही फळ्यावर लिहिलं होतं.

आणखी एक. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. तो खातो-पितो का, वागण्यात काही बदल होतो का, हे बघायचं असतं. आईच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. तू तिसऱ्याच दिवशी त्याला नजरेआड करायला निघालास.

आता त्या दिवशी काय झालं ते. तुझं म्हणणं, कुत्रा अचानक चावला. तुझ्या आईशी मी स्वतः बोलले. मुलाचा मोजा तोंडात घेऊन तो दिवाणाखाली गेला. आईने झाडू आत सारून ढोसलं. तो हलला नाही, नुसता ताठ झाला. मग तिने हात घातला. आईने हे इतकं सरळ सांगितलं की मला पुढचं काही विचारावं लागलं नाही, एवढंच विचारलं की तो गुरगुरला का. "नाही, हल्ली गुरगुरत नाही," म्हणाली. "यांनी सोडवली ती सवय."

सोडवली! सहाव्या महिन्यात तो ताटलीजवळ कुणी आलं की गुरगुरायला लागला. तू चपलेने मारलंस. पुन्हा गुरगुरला, पुन्हा मारलंस. मग तो गप्प झाला आणि तुम्हाला वाटलं की सुधारला. अरे, आपल्या शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर गाडी यायच्या आधी घंटा वाजायची. ती कानाला टोचते म्हणून तिची तार तोडलीस आणि गाडी यायची थांबली असं समजून रुळावर आईला उभं केलंस. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली सूचना होती, की मला भीती वाटते आहे, माझं काढून घेऊ नका, मागे व्हा. ती दिली की मार बसतो, हे तो तुझ्याकडून शिकला. भीती होती तिथेच राहिली. म्हणून या वेळी त्याने सूचना दिली नाही.

गुरगुरण्याच्याही आधी कुत्रा पुष्कळ सांगत असतो. भूक नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं, अंग लाकडासारखं ताठ होतं. हे तुमच्यापैकी एकाने तरी कधी पाहिलं का? मोबाइलमध्ये त्याचे शेकडो फोटो आहेत. तुझ्या मुलाने त्याच्या गळ्याला मिठी मारलेला फोटो तूच मला दिवाळीत पाठवला होतास, खाली लाल बदाम टाकून. तो पुन्हा उघड आणि मुलाकडे बघू नकोस, कुत्र्याकडे बघ. कान मागे, तोंड गच्च मिटलेलं, मान पलीकडे वळवलेली. त्या फोटोत तो सुटका मागतो आहे.

मारण्याचं समर्थन तू काल करत होतास. रीलमधून कुणीतरी तुला शिकवलंय की कुत्र्याला उताणं पाडायचं, छातीवर दाबून धरायचं, घरात बॉस कोण ते दाखवायचं. हे खूळ कुठून आलं ते सांगते, कारण तू विज्ञानाचा विद्यार्थी आहेस. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने बाझेलच्या प्राणीसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. ते लांडगे बंदिस्त जागेत एकत्र कोंबलेले होते आणि सतत मारामाऱ्या करत होते. त्यावरून कळपाचा दांडगा म्होरक्या ही कल्पना निघाली. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. मग याच मीच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी झुंज नसते. ज्याने कल्पना पसरवली त्याने ती मागे घेतली, आणि तू ती आज तुझ्या हॉलमध्ये राबवतोस. 2009 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं की तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि त्यावर कुत्र्याने काय केलं. मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी 43 टक्के कुत्री उलट अंगावर आली. उताणं पाडून दाबलं त्यांच्यापैकी 31 टक्के. तुझ्या आईच्या मनगटावरचे टाके या आकड्यांत बसतात.

आता जरा मागे जाऊ. हे पिल्लू घरी आणलंस तेव्हा किती दिवसांचं होतं? पस्तीस. मुलाचा वाढदिवस गाठायचा होता म्हणून. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तू नोंदणी विचारली नाहीस, घासाघीस मात्र केलीस. आठ आठवडे कशाला, म्हणशील. त्या दिवसांत भावंडांशी मस्ती करताना पिल्लू जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ मोडतो. आईला जोरात दात लागला की ती उठून जाते. दात किती रोवायचे आणि कुठे थांबायचं, हे तिथे कळतं. ती शाळा तू त्याला अर्ध्यात सोडायला लावलीस. पुढे घरी आल्यावर तो बोटं चघळायचा तेव्हा सगळे हसत होतात. सुईसारखे दुधाचे दात होते, गुदगुल्या व्हायच्या. ते दात पडले, सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात आले, खेळ तोच राहिला.

आणि तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ! जग कसं असतं हे पिल्लू तेव्हा शिकतं. रिक्षा, प्रेशर कुकर, टोपी घातलेला माणूस, काठी टेकत चालणारी म्हातारी, दाढीवाला भाजीवाला, वरातीचा बँड, रांगणारं मूल. हे सगळं त्या दिवसांत शांतपणे, लांबून, खाऊच्या सोबतीने दिसलं तर पुढे त्याची भीती बसत नाही. लसी पूर्ण झालेल्या नसतील तर कडेवर घेऊन गुलमंडीतून एक फेरी मारायची होती, पाय जमिनीला लागू द्यायचे नव्हते. तुम्ही त्याला तीन महिने बाल्कनीत ठेवलंत. आता तो कुरियरवाल्यावर धावतो आणि तुम्ही विचारता, याला झालंय काय.

तू म्हणालास, आधी ऐकायचा, आता ऐकत नाही, मुद्दाम करतो. वयात आलेलं कुत्रं आहे ते. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंधांच्या सोबतीसाठी तयार होणारी कुत्री होती, तुझ्या लॅब्रेडॉरच्याच जातीची बरीचशी. पाच महिन्यांची असताना 'बस' म्हटलं की बसणारी ही कुत्री आठ महिन्यांची झाल्यावर घरच्या माणसाचं ऐकेनाशी झाली, परक्याचं मात्र ऐकत होती. वर्षभराची होईतो बरीच पुन्हा ताळ्यावर आली. ज्यांचं घरच्या माणसाशी नातं डळमळीत होतं त्यांच्यात हा हूडपणा जास्त दिसला. नेमक्या याच वयात लोक कुत्री सोडून देतात. दोन-चार महिने दम धरायचा, त्याऐवजी तू शेत शोधतोस.

त्याचा दिवस कसा जातो ते मी तुझ्या मुलाकडून काढून घेतलं. तू आणि सूनबाई नऊला वाळूजला निघता. आजी वरच्या घरात, कुत्रा खाली पार्किंगमध्ये खांबाला, सहा हात साखळीवर, संध्याकाळी साडेसहापर्यंत. मे महिन्यातसुद्धा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पत्र्याखाली बेचाळीस अंशांत दिवसभर धापा टाकलेलं जनावर संध्याकाळी सुटलं की उड्या मारतं, ओढतं, चावरं होतं, आणि तुम्ही म्हणता मस्ती आली. दहा मिनिटं शी-शू, परत साखळी. आखूड साखळीवर तासन् तास बांधून ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हेही त्याच कलम 11 मध्ये नाव घेऊन लिहिलेलं आहे. चंपाषष्ठीला तुम्ही सगळे सातारा गावच्या खंडोबाला जाता, कुत्रं देवाचं म्हणून त्याला हाताने घास घालता. तो घास खाणाराही कुत्रा आणि तुमच्या पार्किंगमधलाही कुत्रा.

याच जातीचा एक कुत्रा मुंबई पोलिसांकडे होता, जंजीर. पुण्यात सीआयडीच्या श्वान केंद्रात शिकला, 1992 च्या डिसेंबरअखेर बॉम्बशोधक पथकात आला, आणि अडीच महिन्यांत 12 मार्च 1993 उजाडला. त्या साखळी स्फोटांनंतरच्या शोधात त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब हुडकून दिले. किती जीव वाचले याची मोजदाद नाही. हे मी तुला कशासाठी सांगते? त्याच्या रक्तात जे होतं ते तुझ्या कुत्र्याच्याही रक्तात आहे. वास घेण्याची ओढ, तोंडात वस्तू धरून आणण्याची ओढ, माणसासोबत काम करण्याची ओढ. जंजीरच्या सोबत रोज एक माणूस होता, ठरलेला, त्याला काम देणारा. तुझ्या कुत्र्याने तीच ओढ घेऊन मोजा उचलला, कारण त्याला दुसरं काहीच दिलेलं नाही.

शेजारचे म्हणतात म्हणे, जात बघून घ्यायला हवं होतं. जातीवर ढकलू नका. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींवर बंदी घालावी म्हणून राज्यांना पत्र पाठवलं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्या यादीतही लॅब्रेडॉर नव्हता. तरी टाके पडलेच.

घरात त्याच्याशी बोलतं कोण आणि कसं? तू 'नो' म्हणतोस, सूनबाई 'बस' म्हणते, मुलगा 'सिट डाऊन', आई 'हाड', धुणं-भांड्याच्या मावशी 'हट'. सोफ्यावर चढलं तर तू ओरडतोस आणि तू नसलास की मुलगा त्याला मांडीवर घेतो. जेवताना ताटाशी आला की नऊ वेळा हाकलता, दहाव्या वेळी आई पोळीचा तुकडा टाकते. जे कधी मिळतं आणि कधी मिळत नाही, त्यासाठी जनावर सर्वांत चिवटपणे हटून बसतं. त्याने ऐकायचं कुणाचं? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तर आता काय करायचं. उद्या त्याला पशुवैद्याकडे ने. वागणूक बिघडली की आधी दुखणं तपासायचं. लॅब्रेडॉरचे कान पिकतात, वाढत्या वयात खुब्याचा सांधा सैल होऊ शकतो, आपल्याकडे गोचिडांचा ताप सर्रास असतो. दुखऱ्या कुत्र्याला कितीही शिकवलंस तरी हात लागला की तो चावणारच. इथे निदान झालं नाही तर परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, गाडी काढ. नसबंदीचं त्यांनाच विचार, पण ती केली की सगळं मिटेल अशा भ्रमात राहू नकोस.

मुलगा आणि कुत्रा मोठ्या माणसाच्या नजरेशिवाय एका खोलीत राहणार नाहीत. एक मिनिटही नाही. तो खाताना, झोपलेला असताना, दिवाणाखाली असताना त्याच्या वाटेला कुणी जाणार नाही. बाहेर नेताना जाळीचं मुसकं, ज्यातून त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, आणि ते पेढ्यासारखं लाडाने घालायला शिकवायचं, जबरदस्तीने नाही. लिफ्टमध्ये दुसऱ्याच्या पोराला चावलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं.

तोंडातलं काही ओढून घ्यायचं नाही. बदल्यात द्यायचं. उकडलेल्या अंड्याचा तुकडा लांबून टाक, तो मोजा सोडून तिकडे गेला की मोजा उचल. त्याची वस्तू असेल तर अंडं खाऊन झाल्यावर परतही दे. माणूस जवळ आला की जातं असं त्याला वाटतं, माणूस जवळ आला की काहीतरी येतं हे त्याला कळू दे. ताटली भरलेली असताना लांबून जाता जाता चांगला तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. जवळ जायची घाई करायची नाही. पावलोवची घंटा परीक्षेत पाच गुणांना लिहिली होतीस, ती आता घरात वाजव.

साखळी भंगारात दे. पहाटे साडेपाचला त्याला घेऊन निघ, पाऊण तास, विद्यापीठाकडे नाहीतर गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याला, जिथे भटकी कुत्री कमी दिसतील तिथे. हुंगू दे त्याला, ओढत नेऊ नकोस. संध्याकाळी डांबर निवल्यावर पुन्हा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघ, तुला सोसवत नसेल तर त्याचे पंजे भाजतात. दिवसभर तो वर आजीजवळ पंख्याखाली राहील, मध्ये जाळीचं दार बसव, म्हणजे आईलाही धाक नको. खाणं सगळं ताटलीत ओतू नकोस, अर्धं शिकवताना हातातून दे. शब्द चारच ठरवा, सगळ्यांनी तेच वापरायचे, आणि तुझ्या मावशींनाही ते शिकव. प्रशिक्षक लावायचा असेल तर लाव, पण जो पहिल्याच दिवशी काटेरी पट्टा किंवा शॉक देणारा पट्टा काढेल त्याला दारातूनच परत पाठव.

हे पंधरा दिवसांत होणार नाही. महिने लागतील, आणि एकदा चावलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मुलाजवळची सावधगिरी कायमची. एवढं सगळं नीट करूनही पशुवैद्य म्हणाले की लहान मूल असलेल्या घरात हा राहू नये, तर सगळा इतिहास खरा खरा सांगून, मुलं नसलेलं, अनुभवी घर आपण दोघं मिळून शोधू. त्या वेळी मी तुझ्याबरोबर दारोदार फिरेन. आज नाही, कारण आजपर्यंत तू त्याच्यासाठी काहीच केलेलं नाहीस.

आईचा दुसरा डोस उद्या आहे. मग सातव्या दिवशी, मग अठ्ठाविसाव्या. कार्डावर तारखा आहेत, तुझ्या लक्षात राहतील असं मी धरून चालत नाही, म्हणून सूनबाईला वेगळा निरोप दिला आहे. सुट्टी टाक आणि स्वतः ने. परत आलात की मला फोन कर, पण तू करू नकोस, आईला करू दे.